68व्या वर्षी पापण्यांची आणि मानेची शस्त्रक्रिया: आधी काय तपासावे

ताई, आपण लिहिले आहे की आपले वय 68 आहे, पापण्या उतरल्यामुळे वाचताना कपाळ दुखते, मानेची सैल कातडी खुपते, रक्तदाबाची गोळी चालू आहे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे आणि मुले "या वयात हे कशाला?" असे म्हणतात. मी 66व्या वर्षी या दोन्ही शस्त्रक्रिया करून घेतल्या. त्याला आता पाच वर्षे होतील, म्हणून जे मला आधी कळायला हवे होते ते सविस्तर लिहिते.

नुसत्या वयामुळे डॉक्टर नकार देत नाहीत. भूलतज्ज्ञ हृदय, फुप्फुसे, रक्तदाब, साखर आणि चालू औषधे पाहतात. धूम्रपान असेल तर मात्र ते काही आठवडे आधी पूर्ण बंद करावेच लागते, कारण निकोटिनमुळे उचललेल्या त्वचेचा रक्तपुरवठा कमी होऊन ती काळी पडू शकते.

पापण्यांविषयी एक साधी गोष्ट घरीच पाहा. आरशासमोर बसून डोळे मिटा, कपाळ सैल सोडा, भुवईवर बोट हलकेच ठेवून ती वर जाऊ न देता डोळे उघडा. मी हे केले तेव्हा लक्षात आले की पापणी वर धरण्याचे काम दिवसभर माझे कपाळच करत होते. संध्याकाळच्या डोकेदुखीचे मूळ तिथे होते. अशा वेळी फक्त पापणीची जादा कातडी काढली, तर कपाळाचा ताण सुटून भुवई आणखी खाली येऊ शकते, म्हणून भुवईचा विचार आधीच व्हायला हवा. पापणी उचलणारा स्नायूच सैल झाला असेल, तर शस्त्रक्रिया वेगळी असते. डोळे कोरडे पडत असतील तर तेही आवर्जून सांगा. कातडी जास्त काढली गेली तर डोळा पूर्ण मिटत नाही आणि कोरडेपणा वाढतो.

मानेचे तंत्र निराळे आहे. वयानुसार चेहऱ्याची हाडे झिजतात, चरबी कमी होते किंवा खाली सरकते, आणि रजोनिवृत्तीनंतर त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन हे प्रथिन झपाट्याने घटते. त्यामुळे नुसती कातडी ताणली तर चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि परिणामही फार काळ टिकत नाही. त्वचेखालच्या ज्या थराला शल्यचिकित्सक स्मास म्हणतात, त्याचे वर्णन 1976 साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून तो थर उचलून बांधण्याकडे कल वाढला. आपले डॉक्टर नेमके काय उचलणार आहेत, हे त्यांना स्पष्ट विचारा.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे रक्तदाब आणि औषधे. फेसलिफ्टनंतरची, म्हणजे चेहऱ्याची आणि मानेची सैल कातडी उचलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची, नेहमी आढळणारी गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली रक्त साठणे. ते बहुतेकदा पहिल्या 24 तासांत होते आणि वाढलेला रक्तदाब हे त्याचे मोठे कारण असते. उपाशी राहायचे म्हणून मी सकाळची रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनानेच टाळली आणि ते कुणाला सांगितलेही नाही. रात्री डाव्या कानामागे ताण वाढत गेला, दुखू लागले, परिचारिकेने पट्टी सैल केली तेव्हा ती बाजू टणक झाली होती. त्याच रात्री टाके उघडून रक्त काढावे लागले. कोणती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती त्या दिवशी थांबवायची, हे भूलतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या.

स्टेंटसाठीची रक्त पातळ करणारी गोळी आपण होऊन कधीही बंद करू नका. ती अचानक थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ते जिवावर बेतते. हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी एकमेकांशी बोलून निर्णय घ्यावा. गोळी थांबवता येत नसेल तर मानेची शस्त्रक्रिया सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. माशाचे तेल, ई जीवनसत्त्व, लसणाच्या कॅप्सूल यांचाही उल्लेख करा. मी लसणाच्या कॅप्सूलना औषध समजत नव्हते. त्यांच्यामुळे माझी तारीख दोन आठवडे पुढे गेली.

पापण्यांचे टाके साधारण आठवड्यात निघतात. लोकांत वावरण्याइतकी सूज उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, कानाच्या पाळीचा बधिरपणा मात्र काही महिने राहतो. दुसऱ्या आठवड्यात मला विनाकारण रडू येत असे. सुजलेला, अनोळखी चेहरा पाहून मन खचते, हे आधी माहीत असलेले बरे.

मुलांविषयी. माझ्या मुलालाही हे अनावश्यक वाटत होते. मी त्याला दृष्टिक्षेत्राच्या, म्हणजे नजर स्थिर ठेवून आजूबाजूचे किती दिसते हे पाहणाऱ्या, चाचणीचे दोन कागद दाखवले. पहिल्यात वरच्या भागात काळा पट्टा होता. पापणी चिकटपट्टीने उचलून केलेल्या दुसऱ्या चाचणीत तो जवळजवळ नव्हता. मानेसाठी असा कागद दाखवता येत नाही, आणि मला ते हवे आहे याहून वेगळे कारण मी दिलेही नाही. पहिल्या दोन रात्री जवळ कोण थांबेल, एवढे विचारले आणि एका कागदावर लिहून दिले: एकच बाजू फुगत किंवा ताणत गेली, डोळ्यात अचानक तीव्र वेदना झाली किंवा अंधूक दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ डॉक्टरांना बोलवायचे.