दोन हजार शब्द पाठ, तरी गाडी अडलेलीच

"मॅडम, हिचे दोन हजार इंग्रजी शब्द पाठ आहेत. कुठलाही विचारा. तरी मार्क काही हलत नाहीत." आईने टेबलावर कार्डांचं खोकं ठेवलं. मुलगी शेजारी खिडकीबाहेर बघत बसलेली.

अकरावीतली मुलगी. पदवीसाठी अमेरिकेत जायचं म्हणून सॅट या प्रवेश परीक्षेची तयारी चाललेली. गणित उत्तम, पण 'रीडिंग अँड रायटिंग'मध्ये तीन सराव परीक्षांत ८०० पैकी ६००च्या आसपास घुटमळत होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ही तक्रार माझ्याकडे दर हंगामात येते आणि तिच्यासोबत बहुतेक वेळा असं एखादं खोकंही येतं.

या खोक्याचं मूळ होतं अमेरिकेतल्या मामाने पाठवलेलं जाडजूड जुनं पुस्तक. मामाची भावना चांगली, पण पुस्तक ज्या परीक्षेसाठी लिहिलं ती परीक्षा आता उरलेली नाही. सॅटमधले शब्दांच्या जोड्यांतलं नातं ओळखायचे प्रश्न २००५ साली गेले, सुटी वाक्यं पुरी करायचे प्रश्न २०१६मध्ये गेले. भारतातल्या मुलांसाठी २०२३पासून परीक्षा संगणकावर आली. आता या विभागात ५४ प्रश्न आणि ६४ मिनिटं, दोन समान भागांत. प्रत्येक प्रश्नाला २५ ते १५० शब्दांचा छोटा उतारा. शब्दार्थाचे प्रश्न प्रत्येक भागाच्या सुरुवातीलाच येतात, पण एकूणात मूठभरच. आणि तिथेही विचारलेलं असतं ते एवढंच, की या उताऱ्यात, या जागी कोणता शब्द बसतो. अवघड शब्द येतच नाहीत असं मात्र नाही. पर्यायांत ते असतात. त्यामुळे "पाठांतर बंद कर" असा सल्ला मी कधी देत नाही.

मी तिच्या चुका काढून बघितल्या. मुलांनी काय पाठ केलंय यापेक्षा ती कुठे चुकतात यावर माझा जास्त भरवसा आहे. शब्दार्थाचे नऊ प्रश्न चुकले होते. त्यांतल्या सहांमध्ये बरोबर उत्तराचा शब्द तिच्या कार्डांत होता.

मग एक उतारा मी स्वतःच रचून दिला. एका संशोधक बाईंनी पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल सरसकट दावा केला होता. पुढे बेटांवरची निरीक्षणं वेगळी निघाली. बाईंनी दावा मागे घेतला नाही, 'मुख्य भूमीवरच्या पक्ष्यांपुरता' अशी पुस्ती जोडली. म्हणजे त्यांनी दावा काय केला? पर्याय चार : रिजेक्टेड, सेलिब्रेटेड, क्वालिफाइड, ऑब्फस्केटेड.

तिने क्षणात ऑब्फस्केटेड, म्हणजे मुद्दाम धूसर केला, हे निवडलं.

"का गं?"

"अवघड आहे ना. असाच शब्द असतो उत्तर."

"आणि क्वालिफाइड का नाही?"

"त्याचा अर्थ पात्र ठरणं. दावा कसा पात्र ठरेल?" तिने खोक्यातून कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. खरंच, मागे दोनच शब्द होते : पात्र ठरणे.

मी विचारलं, "बरं, पात्र म्हणजे काय?"

"लायक."

"आणि मुठेचं पात्र?"

ती थांबली. मग हसली. "नाटकातलं पण असतं."

"देवघरातलं ताम्हन?"

"ते पण पात्रच!" आई मध्येच म्हणाली.

मराठीत तिला हे कुणी कार्डावर लिहून दिलं नव्हतं. वाक्य ऐकलं की कुठलं पात्र ते तिला कळतं. इंग्रजीत मात्र ती प्रत्येक शब्दाला एकच अर्थ देऊन मोकळी झाली होती. क्वालिफाय म्हणजे एखाद्या विधानाला मर्यादा घालणं, हा अर्थ तिच्या कार्डाला माहीतच नव्हता.

त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. पहिली म्हणजे पर्याय हाताने झाकायचे, उतारा वाचायचा आणि रिकाम्या जागी आपला शब्द घालायचा, मराठीतला असला तरी चालेल. मग हात काढायचा. तोच उतारा तिने पुन्हा वाचला आणि म्हणाली, "दाव्याला जरा मुरड घातली." एवढं जमल्यावर 'ऑब्फस्केट'कडे तिने बघितलंही नाही. पडद्यावर पर्याय झाकायला अवघडल्यासारखं होतं म्हणून सुरुवातीचे पंधरा दिवस कागदावरच सराव केला.

दुसरी, रोज पन्नासऐवजी आठ शब्द, तेही तिने स्वतः वाचलेल्या मजकुरातून उचललेले. कार्डावर ते पूर्ण वाक्य आणि खाली स्वतःच्या भाषेत अर्थ. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. वाचायला विज्ञान, इतिहास, कथा असं आलटून पालटून, कारण परीक्षेतले उतारेही तसेच मिसळीचे असतात.

आईला आठ हा आकडा पटला नाही. "सहा महिन्यांत किती होणार मॅडम?" हिशेब केला तर दीडहजारही होत नाहीत, हे मीच त्यांना सांगितलं. पहिल्या महिन्यात गुण उलट थोडे घसरले, कारण आता ती प्रत्येक प्रश्नावर विचार करत बसायची आणि शेवटचे प्रश्न राहून जायचे. आईचा फोन आला. मी एवढंच म्हटलं, राहिलेले प्रश्न कोरे सोडू देऊ नका, चुकलं तर गुण कापत नाहीत. वेग हळूहळू आला. गेल्या सराव परीक्षेत ६६० होते. तिला हव्या असलेल्या कॉलेजांसाठी अजून वर जायला हवं आणि ऑक्टोबरची परीक्षा व्हायची आहे.

परवा तिने नवी कार्डं दाखवायला आणली. 'टेम्पर' हा शब्द आमच्याकडे रागाचा आणि स्वयंपाकघरात फोडणीचा. तिच्या कार्डावर वाक्य होतं, कुणाच्या तरी उत्साहाला अनुभवाने टेम्पर केल्याचं. खाली तिच्या अक्षरात : 'आजी आमटी तिखट झाली की गूळ टाकते, ते.'


"फोडणी नाही, गूळ," ती म्हणाली आणि पुढचं कार्ड काढलं.