अस्तित्ववाद वाचायचाय? मग आधी कादंबरी घे
अरे, अस्तित्ववाद म्हणजे जगण्याला आधीच ठरलेला अर्थ नसतो, तो ज्याचा त्याने घडवायचा, असं मानणारा विचार. त्यातल्या सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाचा जाडजूड ग्रंथ आत्ता उघडूच नकोस, बहुतेक जण तिथेच अडकतात आणि वाचनच सुटतं. नेमाड्यांची कोसला (१९६३) घे. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर सारखं उदाहरणार्थ, वगैरे म्हणतो ना, ती नुसती स्टाइल समजू नकोस, स्वतःबद्दल ठाम काही सांगता येत नाही हे त्या शब्दांतच आहे. त्याची धाकटी बहीण मनी मरते ती पानं सावकाश वाच, मला दोन दिवस पुढे जाताच आलं नव्हतं.

सुरुवातीच्या चुका म्हणशील तर
- नायक म्हणजेच लेखक असं धरून चालणं
- पानापानावर अर्थ शोधत बसणं

पेन्सिल जवळ ठेव, स्वतःचं काही आठवलं की तिथे खूण कर. मग कामू या फ्रेंच लेखकाची द स्ट्रेंजर ही कादंबरी घे, छोटीशीच आहे. हायडेगर हा जर्मन तत्त्वज्ञ नंतर बघू.