सॅपच्या एसएम५९ मध्ये कनेक्शन टेस्ट ओके येते, तरी रात्रीचा जॉब पडतो, नेमकं काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की प्रॉडक्शनची (रोजच्या खऱ्या कामाच्या सिस्टमची) कॉपी करून सॅपची टेस्ट सिस्टम नव्या सर्व्हरवर उभी केली, एसएम५९ मध्ये (दुसऱ्या सिस्टमशी जोडणारी कनेक्शन्स ठेवायची स्क्रीन) कनेक्शन टेस्ट ओके येतेय, पण रात्री आपोआप चालणारा जॉब 'नेम ऑर पासवर्ड इज इनकरेक्ट' म्हणून पडतोय आणि नेटवर्कवाले हात वर करतायत. या वेळी तरी नेटवर्कवाले खरं बोलतायत.

पहिलं काम म्हणजे तो जॉब थांबवा, आत्ताच. पुन्हा पुन्हा चुकीच्या पासवर्डने धडका मारत राहिला तर समोरच्या सिस्टमवरचा युजर लॉक होतो (किती प्रयत्नांनंतर ते लॉगिन/फेल्स_टू_युजर_लॉक या पॅरामीटरवर ठरतं), आणि मग तुम्ही बरोबर पासवर्ड टाकला तरी आत घेत नाही, आपण मात्र बसतो पासवर्डच बदलत. समोरच्या सिस्टमवर एसयू०१ मध्ये (युजर सांभाळायची स्क्रीन) युजर लॉक झालाय का ते आधी बघून घ्या.

आता कनेक्शन टेस्टचं. ती जो तक्ता दाखवते ना, लॉगॉनला इतके मिलिसेकंद, मग ० केबी, १० केबी, २० केबी, ३० केबीला इतके, त्यात 'लॉगॉन' शब्द बघून सगळ्यांना वाटतं पासवर्ड तपासून झाला. झालेला नसतो. समोरची सिस्टम हाकेला ओ देते का, एवढंच ती बघते. युजर चालतो का हे बघायचं असेल तर त्याच स्क्रीनवर मेनूत युटिलिटीज, टेस्ट, ऑथरायझेशन टेस्ट. तुमच्याकडे तिथे एरर येईल असा माझा अंदाज आहे. आणि रिमोट लॉगॉनचं बटण दाबून काहीच होत नाही म्हणून डोकं खाजवू नका, सिस्टम टाइपच्या (माणसासाठी नाही, प्रोग्रॅमसाठी बनवलेल्या) युजरला स्क्रीन उघडतच नाही.

आता पासवर्ड बिघडला कसा, तर कॉपीमुळे. डेस्टिनेशनमधले (एसएम५९ मधल्या कनेक्शनच्या नोंदीतले) पासवर्ड सिक्युअर स्टोरेजमध्ये (सॅपच्या कुलूपबंद साठ्यात) असतात आणि ते त्या-त्या सिस्टमला बांधलेले असतात, कॉपी केली की नव्या सिस्टमला ते वाचता येत नाहीत. सेकस्टोर ट्रान्झॅक्शनमध्ये चेक चालवा, आरएफसीच्या (एका सिस्टमने दुसरीतलं फंक्शन चालवायची सॅपची पद्धत) ओळी लाल दिसल्या की समजायचं हेच. मग डेस्टिनेशनमध्ये पासवर्ड पुन्हा हाताने टाकून सेव्ह. कॅपिटल-स्मॉल जसंच्या तसं टाका, कोणीतरी चॅटवर पाठवलेला पासवर्ड कॉपी-पेस्ट केला की शेवटी एक स्पेस येते आणि त्यात माझी एकदा अख्खी दुपार गेलीय.

पण थांबा, पासवर्ड टाकायच्या आधी ते डेस्टिनेशन नक्की कुठे जातंय ते बघा. कॉपीबरोबर प्रॉडक्शनची सगळी डेस्टिनेशन्स जशीच्या तशी येतात! मी नवीन असताना एका क्लायंटकडे हेच केलं, एरर दिसला, पासवर्ड टाकला, टेस्ट हिरवी, खूश होऊन घरी गेलो, आणि सकाळी गोदामातून फोन की ह्या कुठल्या ऑर्डरी आल्यात. टेस्ट सिस्टम रात्रभर खऱ्या सिस्टममध्ये ऑर्डरी टाकत होती. तेव्हापासून मी एसई३७ मध्ये (फंक्शन चालवून बघायची स्क्रीन) आरएफसी_सिस्टम_इन्फो हे फंक्शन टेस्टला घेतो, आरएफसी टार्गेट सिस्टमच्या खान्यात डेस्टिनेशनचं नाव टाकतो आणि उत्तरात समोरच्या सिस्टमचा आयडी आणि होस्टचं नाव वाचतो. क्लायंट नंबर (गिऱ्हाईक नव्हे, एकाच सॅप सिस्टममधल्या वेगळ्या कप्प्याचा नंबर) तेवढा डेस्टिनेशनच्या लॉगॉन टॅबवर वेगळा बघा.

एवढं करूनही टेस्ट चालली आणि जॉब मात्र कधी चालतो कधी पडतो असं झालं तर तुमच्या सिस्टमचे अॅप्लिकेशन सर्व्हर (सॅपचं काम वाटून घेणारी मशीन्स) किती आहेत ते मोजा. टेस्ट तुम्ही ज्या सर्व्हरवर लॉगिन आहात तिथून जाते, जॉब भलत्याच सर्व्हरवर चालतो, आणि त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये (मशीन्सची नावं आणि पत्ते असलेली फाइल) समोरच्याची नोंदच नसते. एसएम५१ मधून (सर्व्हरांची यादी) एकेका सर्व्हरवर उडी मारून टेस्ट करा. तुमच्या लॅपटॉपवरून पिंग करून काही उपयोग नाही, कनेक्शन लॅपटॉपवरून जातच नाही.

कधी कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर बहुतेक डेस्टिनेशनमधला इन्स्टन्स नंबर (समोरच्या सॅप सर्व्हरचा दोन आकडी नंबर) चुकलेला असतो, ०० ला गेटवे पोर्ट (आरएफसी जिथून आत येतं ते दार) ३३००, ०१ ला ३३०१ असं. टाइमआउट आलं की फायरवॉल, आणि तिथे हमखास ३२०० उघडलेलं असतं कारण जीयूआय (माणसं लॉगिन करतात तो सॅपचा प्रोग्रॅम) त्यावर चालतं, ३३०० राहून जातं. पासवर्ड चालून आरएफसी ऑथरायझेशन नाही असं आलं तर युजरला एस_आरएफसी ही परवानगी कमी पडतेय, समोरच्या सिस्टममध्ये एसटीऑथट्रेस लावून नेमकं काय कमी पडतंय ते बघा आणि तेवढंच द्या, कंटाळा करून सॅप_ऑल (सगळ्याच परवानग्या) देऊ नका.

सगळं चालू झालं की एसएम५८ उघडा, तिथे इतक्या दिवसांचे अडकलेले कॉल पडलेले असतील. सगळे एकदम ढकलू नका, मधल्या काळात कोणी ती डॉक्युमेंट्स हाताने टाकली असतील तर डबल होतील, आधी त्या लोकांना विचारा.