वाटी, खिडकी आणि मोबाईल : वाचकांचे प्रश्न

या वेळी चित्रकला, डिझाईन आणि फोटो यावर बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतलीयेत. पहिलं उत्तर लांबलंय, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत खूप जणांनी विचारलाय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी कऱ्हाडला एका पतसंस्थेत नोकरी करतो, वय ४२. शाळेत एलिमेंटरीला बसलो होतो, स्मरणचित्रात माणसांचे हात काही केल्या जमले नाहीत आणि तेव्हापासून चित्रकला आपली नाही असंच धरून चाललोय. आता मुलगी चित्रकला शिकतेय, ती पोत, छटा, रचना असं बोलते तेव्हा मला त्यातलं काही कळत नाही आणि वाईट वाटतं. मोबाईलवर फोटो काढत काढत हे शिकता येईल का, का चांगला कॅमेरा घ्यावा लागेल?

उत्तर : येईल की, आणि कॅमेरा अजिबात घेऊ नका, आहे तो मोबाईल पुरे. चित्र काढताना दोन कामं एकदम करावी लागतात, डोळ्याने नीट बघायचं आणि हाताने ते कागदावर उतरवायचं, बहुतेकांचा हात आधी अडतो आणि मग आपण धरून चालतो की आपल्याला बघताही येत नाही. फोटोत हाताचं काम मोबाईल करतो, तुमच्याकडे राहतं ते बघणं आणि निवडणं. फक्त एक फरक सुरुवातीलाच ध्यानात घ्या, चित्राचा कागद कोरा असतो, त्यात आपण एकेक गोष्ट आणतो, पण मोबाईलची फ्रेम उघडल्या उघडल्याच भरलेली असते, मागची वायर, शेजारच्यांची बादली, भिंतीवरचं कॅलेंडर सगळं आत येऊन बसलेलं असतं. त्यातलं एकेक बाहेर घालवायचं, दोन पावलं पुढे जाऊन, उकिडवं बसून, थोडं डावीकडे सरकून. मुलगी रचना म्हणते ना, ती इथून सुरू होते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. सकाळी आठच्या सुमाराला स्वयंपाकघरातली ट्यूब बंद करा आणि खिडकीजवळ ओट्यावर एक स्टीलची वाटी ठेवा, कडाप्पाचा काळा ओटा असेल तर उत्तमच. पाच मिनिटं नुसतं बघा, मोबाईल खिशातच राहू दे. वाटीच्या काठावर एक पांढरी रेघ चमकते, तिच्या लगेच शेजारी जवळजवळ काळी रेघ असते, आणि पोटावर खिडकी वाकडी होऊन उतरलेली दिसते, गजांसकट. सावली बघा, वाटीला टेकलेली असते तिथे गडद आणि कडा स्पष्ट, जसजशी लांब जाते तशी फिकट आणि मऊ. वाटी राखाडी असते असं आपण आयुष्यभर समजत असतो आणि त्या एका वाटीत पाचसहा तरी वेगवेगळे राखाडी निघतात, तुमची मुलगी म्हणते ती छटा हीच. आता फोटो काढा. काळा ओटा मोबाईल उजळून राखाडी करून टाकेल कारण समोर काहीही असलं तरी त्याची सरासरी मधल्या छटेवर आणायची त्याला सवय असते, म्हणून स्क्रीनवर वाटीवर बोट टेकवा, शेजारी सूर्यासारखं चिन्ह येतं ते खाली ओढा, काळा पुन्हा काळा होईपर्यंत. मग दुपारी, संध्याकाळी, आणि एकदा ट्यूब लावून तीच वाटी तिथेच ठेवून काढा आणि चारी फोटो शेजारी शेजारी लावून बघा. वाटी तीच पण ट्यूबखाली तिचा गोलवा बराचसा गेलेला असेल, आणि खिडकीच्या फोटोत ती हातात घ्यावीशी वाटेल. घनता, म्हणजे वस्तू सपाट न वाटता भरीव वाटणं, काय असते हे मला कितीही सांगून तुम्हाला तेवढं पटणार नाही जेवढं ते चार फोटो पटवतील.

हा उद्योग पोरकट वाटला तर सांगते, पॉल स्ट्रँड नावाचा न्यूयॉर्कचा मोठा फोटोग्राफर होता, तो १९१६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकटमधल्या ट्विन लेक्सला गेला आणि तिथे घरातले वाडगे, फळं आणि पोर्चच्या कठड्याच्या सावल्या यांचेच फोटो काढत बसला. त्या काळात पिकासो, ब्राक हे चित्रकार चित्रात जे नवं करत होते ते नेमकं काय आहे हे त्याला कळून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी त्याला वाडगे पुरले. आज ते फोटो संग्रहालयांमध्ये आहेत.

वाटी झाली की एका आठवड्यात एकच गोष्ट धरा, दोन नको. रेषांचा आठवडा असेल तर प्रीतिसंगमावर जाऊन घाटाच्या पायऱ्या, आणि त्या समोरून काढल्या तर आडव्या शांत पट्ट्या दिसतात, एका टोकाला उभं राहून काढल्या तर त्याच पायऱ्या डोळ्याला ओढत नदीपर्यंत नेतात, हे स्वतः करून बघा. पोत म्हणजे पृष्ठभाग खरखरीत आहे की गुळगुळीत ते, त्याच्या आठवड्यात उन्हाची दिशा सांभाळा, शेणाने सारवलेली जमीन, गोधडीचे टाके, दगडी भिंत, यांच्यावर ऊन समोरून पडलं की सगळं सपाट दिसतं आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं, भिंतीला घासून येणारं ऊन असलं की प्रत्येक टाक्याला स्वतःची सावली मिळते. आकारांच्या आठवड्यात वस्तू ऊन्हाच्या किंवा आकाशाच्या पुढे धरून काळ्या करा, म्हणजे आतले तपशील जातात आणि बाहेरची कड तेवढी राहते, वारली चित्रात त्रिकोण, गोल आणि चौकोनातून अख्खा तारपा नाच कसा उभा राहतो ते मग जास्त कळतं.

रंग शेवटी ठेवा. तोपर्यंत मोबाईल ब्लॅक अँड व्हाईटवर ठेवलात तर फार बरं, कारण लाल पिवळा दिसला की डोळा तिकडेच पळतो आणि छटा बघायच्या राहतात. रंगांची वेळ आली की फुलबाजारात जा, नारिंगी झेंडू निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये कसा पेटल्यासारखा दिसतो आणि तोच लाल क्रेटमध्ये कसा विझतो ते बघा. निळा आणि नारिंगी रंगचक्रात समोरासमोर असतात, लाल-हिरवा आणि पिवळा-जांभळा ह्याही तशाच जोड्या. आणि एक लिंबू पिवळ्या कापडावर, एक जांभळ्या कापडावर ठेवून फोटो काढा, पण दोन्ही कापडं एकाच फ्रेममध्ये घ्या, वेगवेगळे फोटो काढलेत तर मोबाईल प्रत्येक वेळी रंग आपल्या मनाने बदलतो आणि तुलना फसते.

फोटो मुलीला दाखवा आणि तिला विचारा की यात नजर पहिल्यांदा कुठे जाते. तिच्याशी बोलायला तुम्हाला याहून जास्त शब्द लागणार नाहीत.

प्रश्न : मी फोंड्याहून लिहितेय. घरी कोकमाचं आगळ करून विकते, बाटलीचं लेबल आणि व्हॉट्सॲपवर टाकायच्या जाहिराती मीच मोबाईलवर बनवते. सगळी माहिती असते तरी लोक परत फोन करून विचारतात की किती एमएल, किंमत काय. डिझायनर परवडत नाही. फोटोग्राफीतून डिझाईन सुधारतं का?

उत्तर : सुधारतं, आणि तुमची अडचण मला वाटतं माहिती कमी असण्याची नाहीच, सगळी माहिती एकाच आवाजात बोलतेय ही आहे. एक करा, संध्याकाळी बाजारात रस्त्याच्या पलीकडून दुकानांच्या पाट्यांचे वीस फोटो काढा आणि घरी येऊन गॅलरीत छोट्या चौकोनात बघा, उघडू नका. त्या नखाएवढ्या चित्रात ज्या पाट्यांवरचं काही वाचता येतं त्या बाजूला काढा. तुम्हाला दिसेल की त्यांच्यात एक शब्द मोठा आहे, बाकीचे गप आहेत, आणि त्या शब्दाभोवती मोकळी जागा आहे. तुमच्या लेबललाही हीच परीक्षा लावा, नखाएवढं केल्यावर "कोकम आगळ" दिसलं पाहिजे, हातभर अंतरावर एमएल आणि किंमत, आणि बाटली हातात घेतल्यावर बाकी सगळं. तीन आकार पुरेत. मराठीत लिहिताना ओळींमध्ये जागा जास्त सोडा, आपल्याला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजीइतक्या जवळ ओळी घेतल्या की ते एकमेकांत अडकतात आणि लेबल गिचमिड दिसतं.

जाहिरातीच्या फोटोत बाटली एका बाजूला ठेवा आणि उरलेली भिंत रिकामी सोडा, त्या रिकाम्या जागेतच अक्षरं बसवायची आहेत हे फोटो काढतानाच ठरवलेलं असू दे, फोटो आधी आणि अक्षरं मग कुठेतरी घुसवायची असं नको. आणि आगळ समोरच्या उजेडात काळं दिसतं, औषधाच्या बाटलीसारखं, म्हणून बाटली खिडकीत ठेवा, ऊन तिच्या मागून येऊ दे. तो लाल रंग आतून उजळतो ना, तो बघून तोंडाला पाणी सुटतं, मग "शुद्ध, नैसर्गिक" वगैरे चार शब्द कमी केलेत तरी चालतं. शेजारी एखादं हिरवं पान, बस.

प्रश्न : नमस्कार, मी लातूरला बारावीत आहे, कला सीईटीची, म्हणजे कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतोय. आमचे सर म्हणतात फोटोवरून चित्र काढू नको, सवय बिघडते. पण मला फोटो काढायला खूप आवडतं. दोन्ही चालू ठेवलं तर नुकसान होईल का? आणि मी सगळे फोटो रूल ऑफ थर्ड्सने, म्हणजे फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग धरून काढतो तरी ते सारखेच वाटतात.

उत्तर : सर म्हणतात त्यात तथ्य आहे, ते कशामुळे म्हणतात ते समजून घे. मोबाईलची मुख्य लेन्स बरीच रुंद असते, टेबलावरची बादली जवळून काढलीस तर पुढचा काठ फुगतो आणि मागचं सगळं लहान होतं, शिवाय सावलीतले तपशील मोबाईल स्वतः उजळून देतो. तो फोटो समोर ठेवून वस्तुचित्र काढलंस की मोबाईलच्या चुका तुझ्या हातात उतरतात, आणि परीक्षेत समोर खरी वस्तू असते. म्हणून क्रम उलटा कर. आधी वस्तू समोर ठेवून चित्र काढ, मग त्याच बाजूने, तीनचार पावलं मागे सरकून थोडं झूम करून फोटो घे, तो ब्लॅक अँड व्हाईट कर आणि चित्राशेजारी ठेव. तुझं सगळ्यात गडद कुठे आहे, फोटोतलं कुठे आहे, ते तपास. बहुतेक मुलांची चित्रं मधल्याच छटांमध्ये अडकलेली असतात, काळं करायला हात धजत नाही, ते असं लगेच पकडता येतं.

दोन्ही चालू ठेव, बिनधास्त. होमाई व्यारावाला, आपल्याकडच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या होत्या. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ तरुणपणी आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकला, पुढे जगभर फोटो काढत फिरला आणि उतारवयात परत चित्राकडेच वळला.

रूल ऑफ थर्ड्सचं म्हणशील तर ते नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना वापरलंय, कॅमेरा यायच्या कितीतरी आधी. त्याचं म्हणणं साधारण असं की चित्रात दोन भाग सारखे नकोत, जमीन एक तृतीयांश तर आकाश दोन, एक उजेड मुख्य आणि दुसरा त्याच्या हाताखालचा. म्हणजे मुद्दा वाटणीचा होता. आपण त्याचं केलंय माणसाला ग्रीडच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या त्या रेषांच्या चौकात उभं करणं, आणि मग उरलेल्या जागेत काय चाललंय ते कुणी बघतच नाही. महिनाभर ग्रीड बंद कर. फोटो काढल्यावर तो उलटा करून बघ, डोकं खाली पाय वर, म्हणजे माणूस आणि झाड ओळखू येणं कमी होतं आणि गडद-फिकट तुकडेच दिसतात, कुठली बाजू जड झालीय ते तेव्हा कळतं.

प्रश्न : ताई, मी नाशिकला राहते, वय ६८. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डावा अजून व्हायचाय. उजव्याने पांढरं निळसर दिसतं आणि डाव्याने तेच पिवळट. डॉक्टर म्हणतात ऑपरेशननंतर असं वाटतं, काळजी नको. पण मी हौसेने फोटो काढते, आता रंग ठरवायचे कुठल्या डोळ्याने?

उत्तर : काकू, किती सुंदर प्रश्न आहे हा, मी दोन दिवस याच विचारात होते. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग आत कमी पोचतो, ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की निळा एकदम परत येतो. क्लोद मोनेचंही असंच झालं होतं, पाणकमळांची चित्रं काढणारा तो फ्रेंच चित्रकार, त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं आणि नंतर सगळं फार निळं दिसतंय अशी त्याचीही तक्रार होती, रंगीत काचांचे चष्मेसुद्धा त्याने लावून बघितले.

तुमच्याकडे आत्ता जे आहे ते चित्रकलेच्या विद्यार्थ्याला वर्षभर शिकवूनही देता येत नाही, दुसरा डोळा होईपर्यंतच आहे, म्हणून लगेच वापरा. एक पांढरा रुमाल घ्या. सकाळच्या उन्हात, दुपारी सावलीत, आणि रात्री पिवळ्या बल्बखाली, तिन्ही वेळा आधी उजवा, मग डावा डोळा झाकून बघा आणि दिसलेला रंग वहीत शब्दांत लिहा, दुधासारखा, तुपासारखा, निळीत बुडवलेला, जसं सुचेल तसं. मग फोटो काढा. मोबाईल तिन्ही रुमाल जवळजवळ सारखेच पांढरे दाखवायला बघेल, त्याला व्हाईट बॅलन्स म्हणतात, उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं आणि पिवळा बल्ब २७०० च्या आसपासचा, तो फरक मोबाईल पुसून टाकतो. कॅमेऱ्यात प्रो मोड (सगळं हाताने ठरवायची सोय) असेल तर घरातल्या कुणाला सांगून व्हाईट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर पक्का करून घ्या, म्हणजे बल्बखालचा रुमाल खरंच केशरी येईल आणि सावलीतला निळा.

फोटोतला रंग नीट आलाय का ते उजव्या डोळ्याने ठरवा. आणि ती वही जपून ठेवा, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की तोच रुमाल, त्याच वेळा, परत एकदा बघा आणि आम्हाला नक्की लिहा.