१ जीबीच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल सारखं का पडतं, आणि रिबूटने का उठतं

तुमची अडचण थोडक्यात अशी: दिवाळी अंकाची वर्डप्रेस साइट, १ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्कचा क्लाउड सर्व्हर, त्यावर उबुंटू २४.०४ (लिनक्स), एन्जिनएक्स (वाचकांना पानं पाठवणारा वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम ८.३ (वर्डप्रेसचा कोड चालवणारा) आणि मायएसक्यूएल ८.० (डेटाबेस). दर दोन-तीन दिवसांनी ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ दिसतं, रिबूट केलं की साइट सुरू होते. एफपीएमच्या लॉगमधला इशारा वाचून तुम्ही ‘पीएम.मॅक्स_चिल्ड्रन’ (एका वेळी चालणाऱ्या पीएचपीच्या प्रोसेसची, म्हणजे वर्करची, मर्यादा) ५ वरून ३० केलं, तरी पडायचं थांबलं नाही. आता २ जीबीचा प्लॅन घ्यावा का, हा पहिला प्रश्न. एसएसएचचा (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या सोयीचा) पासवर्ड बंद करूनही तो का विचारला जातो, हा दुसरा.

प्लॅन लगेच बदलू नका. आधी मायएसक्यूएलला कोण मारतंय ते बघा. रिबूटनंतर ‘सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१’ चालवा. ‘-के’ म्हणजे फक्त कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी, ‘-बी -१’ म्हणजे याच्या आधीच्या बूटच्या. त्यात ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ अशी ओळ शोधा. पुढे ‘मायएसक्यूएलडी’ हे नाव आणि ‘अ‍ॅनॉन-आरएसएस’ असा केबीतला आकडा (तिने धरलेली रॅम) असेल. रॅम संपली की कर्नल सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस शोधून मारतो, आणि छोट्या सर्व्हरवर ती बहुतेक वेळा मायएसक्यूएल असते. ते बिचारं नुसतं मोठं असतं. रॅम खाल्लेली असते पीएचपीने. सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) मायएसक्यूएल पुन्हा उठवायला बघतो, पण पीएचपीने रॅम सोडलेली नसली तर बफर पूलला (मायएसक्यूएल रॅममध्ये डेटा ठेवतो त्या भागाला) जागाच मिळत नाही. रिबूटमध्ये पीएचपीचे सगळे वर्कर मरतात, म्हणून साइट उठते.

आता हिशेब मांडा. सिस्टम आणि किरकोळ सेवांना साधारण २०० एमबी धरा, मायएसक्यूएल ८.० ला मूळ सेटिंगवर ३५० ते ४०० एमबी. उरले ३५०-४००. वर्डप्रेसचा एक पीएचपी वर्कर प्लगइनांप्रमाणे ४० ते ८० एमबी घेतो. तुमचा किती घेतो ते मोजा: ‘पीएस -सी पीएचपी-एफपीएम८.३ -ओ आरएसएस,सीएमडी’ (यातल्या ‘-सी’चा सी कॅपिटल, बाकी सगळी अक्षरं लहान लिपीत). ऑपकॅशची (पीएचपीचा तयार कोड साठवणारी) सामायिक मेमरी प्रत्येक वर्करच्या आकड्यात पुन्हा पुन्हा मोजली जाते, म्हणून आकडा थोडा फुगलेला दिसेल, पण हिशेबाला तो सुरक्षित बाजूचा आहे. ६० एमबी धरले तर ३० वर्कर म्हणजे १८०० एमबी. उबुंटूने दिलेला ५ हा आकडा तुमच्या सर्व्हरला बरोबर होता.

‘सर्व्हर रीच्ड पीएम.मॅक्स_चिल्ड्रन, कन्सिडर रेझिंग इट’ हा इशारा कित्येकांना याच खड्ड्यात घालतो. वर्कर कमी पडले एवढंच एफपीएमला दिसतं, रॅम किती आहे हे तो बघत नाही. वर्कर कमी असले तर वाचकाला दोन सेकंद थांबावं लागतं, जास्त असले तर साइटच पडते. आकडा परत ५ करा, ‘पीएम’ची पद्धत ‘ऑनडिमांड’ ठेवा म्हणजे रिकामे वर्कर बंद होतील, आणि ‘पीएम.मॅक्स_रिक्वेस्ट्स’ ५०० द्या, म्हणजे एखाद्या प्लगइनमधून मेमरी गळत असली तर वर्कर आपोआप नवा होतो.

मायएसक्यूएलमध्ये ‘परफॉर्मन्स_स्कीमा’ (कामगिरीची मोजदाद) मुळातच चालू असते आणि बरीच रॅम धरते. एवढ्या छोट्या साइटला तिची गरज नाही, ती ‘ऑफ’ करा. बफर पूल मूळचाच १२८ एमबी असतो, त्याला हात लावू नका. ‘बिनलॉग_एक्स्पायर_लॉग्ज_सेकंड्स’ मात्र बघा. ८.० मध्ये बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) आपोआप चालू असतो आणि ३० दिवस साठतो. २५ जीबीची डिस्क भरली तरी डेटाबेस अडतो आणि बाहेरून लक्षण जवळपास हेच दिसतं. दुसरा सर्व्हर जोडलेला नसेल तर २५९२०० (तीन दिवस) पुरे. जुन्या फाइली ‘आरएम’ने उडवू नका, मायएसक्यूएलमधूनच ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ करा.

मग स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. क्लाउडच्या तयार उबुंटूत तो सहसा नसतो. ‘एफअ‍ॅलोकेट’ने २ जीबीची फाइल करा, परवानगी ६००, मग ‘एमकेस्वॅप’, ‘स्वॅपऑन’, आणि एफस्टॅबमध्ये (बूट होताना डिस्क आणि स्वॅप जोडण्याच्या यादीत) ओळ. रिबूटच्या आधी ‘सुडो फाइंडमाउंट --व्हेरिफाय’ चालवाच, एफस्टॅबमध्ये चूक राहिली तर सर्व्हर अर्ध्यात अडकू शकतो आणि मग प्रोव्हायडरच्या वेब कन्सोलवरून ती दुरुस्त करावी लागते. ‘व्हीएम.स्वॅपिनेस’ (कर्नल स्वॅपकडे किती सहज वळतो तो आकडा) ६० वरून १० करा. स्वॅप ही अचानकच्या धक्क्यासाठीची गादी आहे. ३० वर्कर ठेवून स्वॅप दिला तर साइट पडणार नाही, पण एकेक पान उघडायला मिनिट लागेल.

पुढची गोष्ट क्वचित कोणी सांगतं. मायएसक्यूएलच्या सेवेत ‘ओओएमस्कोअरअ‍ॅडजस्ट=-५००’ दिलं (‘सुडो सिस्टमसीटीएल एडिट मायएसक्यूएल’, त्यात ‘सर्व्हिस’ विभागाखाली), तर कर्नल आधी पीएचपीच्या वर्करकडे वळतो. पण सिस्टमडीचा मूळ नियम असा की सेवेतली एक प्रोसेस मेमरीअभावी मारली गेली की तो अख्खी सेवा बंद करतो. म्हणजे एका वर्करपायी पूर्ण पीएचपी बंद, आणि वाचकाला ‘५०२’ची एरर. म्हणून ‘पीएचपी८.३-एफपीएम’च्या सेवेत ‘ओओएमपॉलिसी=कंटिन्यू’ द्या. मग मेलेल्या वर्करच्या जागी एफपीएम नवा उभा करतो आणि फार तर एका वाचकाचं एक पान चुकतं.

आता पाच वर्कर भरतातच का, ते बघा. एन्जिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ‘एक्सएमएलआरपीसी.पीएचपी’ आणि ‘डब्ल्यूपी-लॉगिन.पीएचपी’ किती वेळा आलंय ते मोजा. पासवर्ड चाचपणारे बॉट तिथे दिवसरात्र धडकत असतात आणि त्यांची प्रत्येक धडक एक वर्कर अडवते. जेटपॅक हे प्लगइन वापरत नसाल तर एक्सएमएलआरपीसी एन्जिनएक्समध्येच ‘डिनाय ऑल’ करा, म्हणजे पीएचपीपर्यंत काही पोचणारच नाही. लॉगिनला ‘लिमिट_रेक’ (ठरावीक वेळात किती विनंत्या घ्यायच्या याची मर्यादा) लावा.

आणि सगळ्यात जास्त फायदा ‘फास्टसीजीआय_कॅश’चा, म्हणजे एकदा तयार झालेलं पान एन्जिनएक्सने साठवून तेच पुन्हा देण्याचा. दिवाळी अंकाचे बहुतेक वाचक लॉगिन न करता वाचतात, लेख रोज बदलत नाहीत. कॅशमधलं पान देताना पीएचपी आणि मायएसक्यूएल दोन्ही झोपलेले चालतात. ‘फास्टसीजीआय_कॅश_लॉक ऑन’ ठेवा, म्हणजे एकाच नव्या लेखावर शंभर जण आले तरी पान एकदाच तयार होतं. ‘फास्टसीजीआय_कॅश_यूज_स्टेल’मध्ये ‘एरर’, ‘टाइमआउट’, ‘अपडेटिंग’ आणि ‘एचटीटीपी_५००’ लिहा: डेटाबेस पडलेला असतानाही वाचकाला आधीचं पान मिळत राहतं. ‘वर्डप्रेस_लॉग्ड_इन’ कुकी असलेल्यांना कॅशमधून वगळायला विसरू नका, नाहीतर संपादकाला दिसणारं पान वाचकांनाही दिसू लागेल.

एवढं करूनही वर्कर भरत असतील तर २ जीबी जरूर घ्या, मग वर्कर वाढवायलाही हरकत नाही. मोठा करताना फक्त रॅम आणि सीपीयू वाढवा. डिस्क एकदा वाढवली की बहुतेक ठिकाणी लहान प्लॅनवर परतता येत नाही.

एसएसएचचं कारण वेगळं आहे. तुम्ही मुख्य ‘एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहिलंत, पण उबुंटूत त्या फाइलच्या सुरुवातीलाच ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरातल्या फाइली ओढून घेतल्या जातात, आणि एसएसएच पहिलं सापडलेलं मूल्य धरतो. तिथे ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’मध्ये ‘येस’ असेल. तेच बदला, ‘सुडो एसएसएचडी -टी’ने (टी कॅपिटल) खरोखर लागू होणारं मूल्य तपासा, मग सेवा रीस्टार्ट करा. चालू सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून एसएसएच-की (पासवर्डऐवजीची किल्ली-फाइल) वापरून आत जाता येतं का ते आधी बघा.

हात घालण्यापूर्वी स्नॅपशॉट (पूर्ण सर्व्हरची प्रत) घ्या, आणि ‘मायएसक्यूएलडंप --सिंगल-ट्रान्झॅक्शन’ने काढलेली डेटाबेसची एक प्रत सर्व्हरबाहेर ठेवा. स्नॅपशॉट त्याच खात्यात असतो, खातंच अडकलं तर तोही हाताला लागत नाही. बदलांनंतरही पडलंच तर रिबूट करण्याआधी ‘फ्री -एच’ आणि ‘डीएफ -एच’चं आउटपुट जपून ठेवा आणि इथे टाका. ‘फ्री’मध्ये ‘अव्हेलेबल’चा रकाना बघायचा, ‘फ्री’चा रकाना कमी दिसला तर घाबरू नका, ती रॅम लिनक्सने फाइलींच्या कॅशला दिलेली असते आणि लागली की परत मिळते.