उलटं ओळखपत्र

“सांगून सांगून तोंड दुखलं, दंडही लावून झाला. आता आणखी काय करू?”

व्यावसायिक प्रशिक्षण देणारे शिक्षक माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात ते बहुधा हेच घेऊन. अभ्यासक्रम कुठलाही असो, तक्रार एकच असते. मुलं हुशार आहेत, हातात कला आहे, पण कपड्यांचा पत्ता नाही, वेळेचं भान नाही, समोरचा बोलत असताना डोळे मोबाइलमध्ये. उद्या यांना कामावर कोण ठेवून घेणार? ही काळजी खोटी नाही. चांगलं काम येणारी मुलं पहिल्याच महिन्यात केवळ वागण्यामुळे नोकरी गमावतात, हे मीही पाहिलं आहे.

त्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. त्या वैद्यकीय प्रयोगशाळेचं काम शिकवतात. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कुणाचा ॲप्रन चुरगळलेला, कुणाची बटणं उघडी, कुणी सँडलवर, कुणाचे केस मोकळे. नावापुढे तारखा, तारखांपुढे दंड. पण त्यांच्या जिव्हारी लागलं होतं ते वेगळंच. दोन-तीन मुली हल्ली येतानाच पैसे टेबलावर ठेवत, “मॅडम, आजचा दंड,” म्हणत आणि तशाच आत जात.

“याला उद्धटपणा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?”

मला तो उद्धटपणा वाटला नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला होता. तो 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यातल्या सहा पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला आणि जवळजवळ दुप्पट झाला. दंड काढून टाकल्यावरही तो खाली आला नाही. आधी उशीर झाला की शिक्षिकेपुढे ओशाळल्यासारखं व्हायचं. दंड आल्यावर उशिराला भाव ठरला आणि तो मोजला की विषय संपला. बाईंच्या वर्गात हेच झालं होतं. ॲप्रन नीट न घालण्याची किंमत त्यांनीच ठरवून दिली होती, मुली ती चुकती करत होत्या.

मी त्यांना एक काम दिलं. सूचनाफलकावरचा प्रत्येक नियम घ्यायचा आणि त्यापुढे ‘कशासाठी’ ते एका वाक्यात लिहायचं. ‘शिस्त’ हा शब्द वापरायचा नाही.

पुढच्या वेळी त्या जरा चिडूनच आल्या. निम्म्या नियमांपुढची जागा कोरी होती. बंद बुटांपुढे मात्र त्यांनी अर्धं पान लिहिलं होतं. एकदा रक्ताची नळी हातातून निसटून फुटली होती आणि शेजारच्या मुलीच्या पायात सँडल होती. काच घुसली नाही, पण त्या मुलीच्या पुढच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत बाईंना नीट झोप लागली नव्हती. सांगताना त्यांचा आवाज बदलला.

“हे वर्गात कधी सांगितलंय?”

“नाही. घाबरतील म्हणून.”

फलकावर बंद बूट आणि कडक इस्त्री एकाखाली एक, एकाच अक्षरात लिहिलेले. मुलांनी दोन्ही सारखेच मानले, म्हणजे दोन्ही सारखेच सोडून दिले. मग आम्ही नियमांच्या तीन वाटण्या केल्या. बूट, बांधलेले केस, कापलेली नखं, हातमोजे घालून मोबाइलला हात न लावणं, जेवायला जाताना ॲप्रन काढून ठेवणं ही पहिली. यात कुणालाही सूट नाही. ओळखपत्र, बटणं, रुग्णाशी बोलण्याची रीत ही दुसरी. सुई टोचून घेणाऱ्या माणसाला समोर कोण आहे ते कळलं पाहिजे. उरलेली तिसरी: रंगवलेले केस, दाढी, इस्त्रीची घडी. तिसरी वाटणी सोडून द्या, असं मी सांगितलं. यावर आमचा बराच वाद झाला. मुलाखतीला जाताना हे सगळं लागतंच, असं त्या म्हणाल्या. लागतं ना, मग ते मुलाखतीच्या तयारीत शिकवा. रोजच्या हजेरीच्या वेळी त्यावरून बोललात की पहिल्या वाटणीचं वजन कमी होतं.

कारण कळलं की नियम उलटासुद्धा फिरवता येतो. लांब बाह्यांचा पांढरा कोट ही डॉक्टरांची ओळख. पण 2007 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने रुग्ण तपासताना कोपराखाली हात उघडे हवेत, घड्याळ-अंगठ्या नकोत, अशी भूमिका घेतली आणि तो कोट वॉर्डबाहेर गेला. हात नीट धुता यावेत हा हेतू. प्रयोगशाळेच्या टेबलाशी मात्र अंगावर काही सांडू नये म्हणून लांब बाह्याच लागतात. वर्गात हे सांगून बघा, म्हटलं. मुलं स्वतःहून विचारायला लागतील.

आणि हो, वर्गात बाईंनी नियमांची ही यादी चर्चेला ठेवली तेव्हा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “मॅडम, तुम्ही पण हातमोजे घालून फोन उचलता.” त्या मला हे सांगताना लाल झाल्या होत्या. पण तिथल्या तिथे “खरं आहे, चुकतं माझं” असं त्या म्हणाल्या. मला विचाराल तर दंडाच्या सगळ्या पावत्यांपेक्षा या एका कबुलीने जास्त काम केलं.

महिन्याभरात बराच फरक पडला. एक मुलगी मात्र तशीच. बूट नीट, केस बांधलेले, पण ॲप्रनची बटणं उघडी आणि ओळखपत्र कायम उलटं, नाव आतल्या बाजूला. दहा वेळा सांगा, दहा वेळा सरळ करेल, पुन्हा उलटं. बाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. शिस्तीबद्दल मी काही विचारलं नाही. ओळखपत्र सरळ असतं तेव्हा काय होतं, एवढंच विचारलं.

बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “लोक विचारतात ना.”

“काय विचारतात?”

“सगळंच. रिपोर्ट वाईट आहे का, हे काय लिहिलंय, ऑपरेशन करावं लागेल का. ॲप्रन घातला की त्यांना वाटतं मला सगळं येतं. मला काहीच येत नाही, मॅडम.”

कपड्यांमुळे माणसात आपोआप गांभीर्य येतं, हे आपण सहज बोलून जातो. डॉक्टरचा म्हणून कोट घातलेल्यांचं लक्ष जास्त एकाग्र होतं, असा एक अभ्यास 2012 मध्ये गाजलाही होता. 2019 मध्ये इतरांनी त्यातला एक प्रयोग जास्त लोकांवर करून पाहिला तेव्हा तसं दिसलं नाही. या मुलीला त्या कोटाने धीर दिला नव्हता, धास्ती दिली होती. अंगावरचं कापड तिच्या वतीने एक शब्द देत होतं, आणि तो पाळण्याइतकं ज्ञान अजून तिच्याकडे नव्हतं. पहिल्या सहामाहीत ते असणार तरी कसं? ती बेफिकीर नव्हती. उलट, जबाबदारी तिला इतरांपेक्षा जास्त कळत होती.

तिला उपदेशाची गरज नव्हती, एका वाक्याची होती. आम्ही दोघींनी ते तयार केलं: “मी प्रशिक्षणार्थी आहे. रिपोर्टबद्दल तुम्हाला डॉक्टरच सांगतील, मी कुणाला तरी बोलावते.” पहिल्यांदा ती ते माफी मागितल्यासारखं, जमिनीकडे बघत म्हणाली. मी रुग्णाची नातेवाईक झाले, घाई केली, आवाज चढवला, “पण तुम्हीच सांगा ना” म्हणून मागे लागले. सातव्या-आठव्या वेळी ती माझ्याकडे बघून बोलली. बाईंनीही एक चांगलं केलं: सगळ्यांच्याच ओळखपत्रांवर नावाखाली मोठ्या अक्षरात ‘प्रशिक्षणार्थी’ छापून घेतलं.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. बसताना मी मुद्दाम ओळखपत्राकडे पाहिलं नाही. तिनेच विषय काढला. एका आजोबांनी रिपोर्ट पुढे करून विचारलं होतं, यात काय आहे बाळ? तिने ते वाक्य म्हटलं, अडखळत, पण पूर्ण. ते “बरं” म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

“एवढंच?” तिने मला विचारलं. “एवढंच होतं?”