भावाला बळजबरीने व्यसनमुक्ती केंद्रात ठेवता येते का?

प्रश्न : माझ्या भावाला कमरेच्या दुखापतीनंतर ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळ्यांची सवय लागली आहे. बेदाण्याच्या शेडमधील पत्र्याच्या डब्यात रिकाम्या पाकिटांचा ढीग सापडला. एका केंद्राचे लोक म्हणतात, ‘तुम्ही फक्त सही करा, रात्री गाडी पाठवून उचलून नेतो, सहा महिने भेट नाही, फोन नाही.’ हे कायद्यात बसते का? सरकारी दवाखान्यात नेले तर पोलीस केस होईल का?
– एक भगिनी, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : ताई, कृपया ती सही करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था हा मानसिक आजारच मानला जातो. त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून ठेवणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावीच लागते, आणि नोंदणी नसल्यास पहिल्याच वेळी पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणून सर्वांत आधी नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवायला सांगा. संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे केलेली नोंदणी ही निराळी गोष्ट आहे. तिच्यावर समाधान मानू नका.

रुग्णाची इच्छा नसताना दाखल करण्याची सोय कलम 89 मध्ये आहे, पण ती नातेवाइकांच्या नुसत्या सहीवर चालत नाही. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, अशा दोघांनी त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत रुग्णाला स्वतंत्रपणे तपासून, त्याच्या स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका आहे अथवा तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, असा निष्कर्ष काढावा लागतो. ही मुदतही फार तर तीस दिवसांची असते. त्यापुढे ठेवायचे तर याच कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. साखळीने बांधणे किंवा सक्तीने मुंडण करणे कायद्याला मान्य नाही, आणि घरच्यांशी बोलणे हा रुग्णाचा हक्क आहे.

पोलिसांची भीती मनातून काढा. व्यसनावर उपचार मागणे हा गुन्हा नव्हे. ट्रामाडॉल 2018 पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले आहे हे खरे. पण त्याच कायद्याचे कलम 64अ, अमली पदार्थाच्या सेवनाचा किंवा त्याच्या अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात, नाहीतर ते संरक्षण काढून घेता येते.

एक धोका आवर्जून सांगतो. काही आठवडे नुसते कोंडून ठेवल्याने शरीराची गोळ्यांची मात्रा पेलण्याची क्षमता उतरते, आणि बाहेर आल्यावर माणसाने जुन्याच मात्रेत गोळ्या घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. गरज पडल्यास डॉक्टर गोळ्यांची ओढ आणि त्या सोडतानाचा त्रास कमी करणारे ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देखरेखीखाली देतात. ते म्हणजे दुसरे व्यसन, असे कोणी म्हणाले तर मानू नका.

भावाशी दिवसाउजेडी बोला आणि त्याला सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयातील मनोविकार विभागात घेऊन जा. डब्यातली पाकिटे फेकू नका, सोबत न्या. रोज किती गोळ्या जात होत्या, हे डॉक्टरांना त्यावरूनच समजेल.